बिनखिळ्यांची चाकं

ओनेर्वा मुलारी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी त्याच्या टायरांकडे. यात तिचा दोष नव्हता. जन्मभर तिनं लामिन्वाराच्या जंगलातल्या वस्त्यांवर टपालाची गाडी हाकली होती, आणि टपालवाली अंगणात शिरते तेव्हा घरमालक खिडकीच्या पडद्याआड असतो. समोर उभी असते ती त्याची गाडी. आता नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, सवय सुटली नव्हती.

तिच्या मते हिवाळ्यात माणसांच्या तीनच तऱ्हा. पहिली खिळेवाल्यांची. यांच्या टायरच्या रबरात बारीक लोखंडी खिळे ठोकलेले असतात. ते बर्फाला कचाकच चावतात, कोरड्या डांबरावर फोडणीसारखे तडतडतात, आणि कोण आलं ते गाडी वळणावर असतानाच कळतं. ही भली माणसं. दुसरी बिनखिळेवाल्यांची. यांचं रबर मऊ, त्यात बारीक बारीक चिरा, आणि हे येतात मांजरासारखे, पाय न वाजवता. "आमच्याकडे नं, रस्ते इतके स्वच्छ ठेवतात, की खिळ्यांची गरजच भासत नाही!" हे वाक्य ओनेर्वा राजधानीच्या, हेलसिंकीच्या सुरात, ओठांचा चंबू करून, मान अशी काही तिरकी धरून म्हणायची की ऐकणाऱ्याच्या नाकात कॉफी जायची. तिसरी तऱ्हा बारमाही टायरवाल्यांची. त्यांच्याबद्दल ती काही बोलायची नाही. नाकातून नुसती हवा सोडायची.

नवरा तरुणपणीच स्वीडनला कारखान्यात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. "जाताना गाडी ठेवून गेला, एवढी अक्कल होती त्याला," एवढंच ती त्याच्याबद्दल म्हणे. मुलगा इस्मो औलू शहरात असायचा, कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय करायचा ते त्यानं दोनदा समजावून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं श्वास आत ओढत "हो" म्हटलं होतं. त्या मुलखातलं ते आत ओढलेलं "हो" म्हणजे कळलं असं नव्हे. म्हणजे, आता पुरे कर.

राहता राहिली थोरली बहीण साइमी.

या दोघी बहिणी लहानपणी चर्चमधून परतताना पाद्रीबुवांची नक्कल करत यायच्या. एक खोकायची, दुसरी आशीर्वाद द्यायची. म्हातारपणीही टेलिफोनवर तेच चालायचं. मग साइमीचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. डोळे आधीच गेल्यासारखे होते. गेल्या हिवाळ्यात तिला गावच्या वृद्धाश्रमात ठेवलं, आणि ओनेर्वा दर बुधवारी थर्मासमध्ये कॉफी आणि रुमालात वेलदोड्याचा पाव घेऊन जायला लागली.

पहिल्याच खेपेला एक गंमत झाली. आश्रमाच्या मागच्या बाजूला रुग्णवाहिकेसाठी उतार होता. त्याच्या पोटातून गरम पाण्याच्या नळ्या नेलेल्या, त्यामुळे भर जानेवारीतही तिथलं डांबर कोरडं ठणठणीत. तिथं इतरांनी गाडी आणू नये असा फलक होता. असे फलक दुसऱ्यांसाठी असतात अशी ओनेर्वाची समजूत. ती सरळ चढली आणि टपालपेटीला गाडी भिडवावी तशी चाकं पूर्ण वळवून खिडकीखाली उभी केली. खिळे डांबरावर असे तडतडले की वरून साइमीचा आवाज आला, "आली बघा आमची! डांबर उखडतीय!"

खोलीत पाऊल टाकलं तर साइमी पलंगावर उठून बसलेली, केस सारखे केलेले. "किती उशीर, गं? टपाल वाटत आलीस काय?"

हे असं सगळा हिवाळा चाललं. आवाज आला की साइमीला बहीण आठवायची. आवाजाशिवाय नाही. हे ओनेर्वाला कळलं ते वसंतात, टायर बदलल्यावर. उन्हाळी टायरांवर ती गुपचूप पोहोचली, आणि साइमीनं तिला विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

तुम्ही! जिच्या झिंज्या ओढल्या तिला तुम्ही!

उन्हाळ्यात बरं गेलं. साइमीला बाहेर बाकावर बसवायचे, लाल गाडी अगदी जवळ आली की तिला दिसायची आणि बहीण आठवायची. पण सप्टेंबरात म्हाताऱ्या आत गेल्या, उजेड कमी झाला, आणि पुन्हा "तुम्ही" सुरू झालं. ओनेर्वानं दात आवळून ते सोसलं. एकदा खिळे लागले की झालं, ती स्वतःला सांगायची. खिळे लागू देत.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? एकदा इस्मो फोनवर म्हणाला होता, "आई, मावशी कुणालाच ओळखत नाही म्हणे. मग दर आठवड्याला एवढं जंगल तुडवत तू कशाला जातेस?" तेव्हा ओनेर्वा ठसक्यात म्हणाली होती, "कुणाला नसेल ओळखत. मला ओळखते. मी अंगणात शिरले की ओळखते." त्यावर बोलायला कुणाची टाप नव्हती. आता तीच बाई कुठल्या तोंडानं सांगणार, की मला नाही गं बाई, माझ्या टायरांना ओळखते?

ऑक्टोबरच्या शेवटी ओनेर्वाला सत्तर पूर्ण झाली. इस्मो आणि सून पाउला केक घेऊन आले. कॉफी झाली. पाउला सारखी इस्मोकडे बघून हसत होती, इस्मो सारखा घड्याळाकडे.

"आई, कोट घाल," तो म्हणाला. "ताइस्तोकडे जायचंय."

ताइस्तोचं टायरचं दुकान गावाच्या तोंडाशी होतं. निम्म्या पंचक्रोशीचे बिनहंगामाचे टायर तो आपल्या शेडमध्ये रचून ठेवायचा. टायरांचं हॉटेल म्हणायचे त्याला. ओनेर्वाची खिळ्यांची चाकं, काळ्या लोखंडी रिमांसकट, उन्हाळाभर तिथंच मुक्कामाला होती. ती स्वतःच त्या आठवड्यात जाऊन ती बसवून घेणार होती. तेव्हा ती मनातून खूशच झाली. पोराला आपणहून सुचलं म्हणायचं!

दुकानात हंगामाची गर्दी होती. बाकावर माणसं कागदी पेल्यातली कॉफी पीत बसली होती, आणि त्यांच्यात उन्तो होता. उन्तो जन्मभर जंगलात झाडं तोडायचं यंत्र चालवत आला होता. त्यामुळे त्याला सगळ्याच गोष्टी यंत्राच्या वरचढ आवाजात बोलायची सवय.

लाल गाडी जॅकवर चढली. चाकं बसेपर्यंत पाउलानं ओनेर्वाचे डोळे आपल्या हातांनी झाकून ठेवले. तिच्या हाताला कसल्यातरी फळाचा वास येत होता.

"आता... बघा!"

ओनेर्वानं बघितलं. गाडीला चकचकीत अलॉय व्हील लागली होती, पाच पाकळ्यांची, आरशासारखी. वर नवे कोरे टायर. आणि टायरांत एकही खिळा नव्हता.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा!" पाउला टाळ्या वाजवत म्हणाली. "यंदाच्या चाचणीत हेच पहिले आले! आणि आवाज म्हणजे... नाहीच! जरासुद्धा नाही! इस्मोनं महिनाभर वाचून वाचून निवडलेत."

"माझी चाकं कुठायत?" ओनेर्वानं विचारलं.

"विकली," इस्मो अभिमानानं म्हणाला. "सोत्कामोच्या एका पोरानं नेली, रिमांसकट. ती जुनी गंजकी खटारी आता कशाला?"

बाकावरनं उन्तो ओरडला, "ओनेर्वा! आता तू आलीस गेलीस तरी कुणाला पत्ता लागायचा नाही! खुशाल जा रात्रीबेरात्री कुणाकडे जायचं तिकडे!"

सगळे हसले. ताइस्तो हसला नाही. तो हातातल्या पान्याकडे बघत उभा राहिला. त्या मुलखात आनंदाचा आरडाओरडा कुणी करत नाही, पण भेट नाकारतही कुणी नाही; आणि सगळी पंचक्रोशी कॉफी पीत बघत असताना तर नाहीच नाही.

"छान आहेत," ओनेर्वा म्हणाली, आणि श्वास आत ओढत जोडलं, "हो."

पाउलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हटलं नव्हतं? आईंना आवडणार!"

सोमवारी ओनेर्वा एकटी दुकानात गेली. रात्री बर्फ पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर नवे टायर त्यावर चांगले धरत होते. त्याचाही तिला रागच आला.

भिंतीशी टायर रचले होते. तिनं हातमोजा काढला आणि एकेकावर तळवा फिरवत गेली. एकाचे खिळे फार विरळ. दुसऱ्याचे दाट, पण रबर तिच्या नखाला कडक लागलं. तिसऱ्यापाशी ती थांबली. खिळे मध्यावर आणि कडेवर सारखे पेरलेले, हाताला मांजराच्या जिभेसारखे. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग अंगठीनं त्यावर टकटक केलं आणि कान दिला.

"हे माझ्या मापाचे," ती म्हणाली.

"आहेत तुझ्याच मापाचे," ताइस्तो म्हणाला.

"साध्या लोखंडी रिमवर चढव. आणि ते आरसे काढून परत घे."

ताइस्तोनं टोपी मागं सारली, मान खाजवली, टोपी पुढं ओढली. "पैसे इस्मोनं दिलेत."

"मग?"

"मग त्याला विचारावं लागेल."

"विचार."

त्यानं फोन लावून काउंटरवर ठेवला. बाकावरची मंडळी आपापल्या पेल्यांत खूप काही दिसत असल्यासारखी वाकली.

"आई, अगं, पण का?" इस्मोचा आवाज आला. "बर्फावर थांबायच्या अंतरात फरक किती, मी तुला तक्ता दाखवला ना? धरत नाहीत का?"

"धरतात."

"मग गाडी घसरली का कुठं?"

"मी आणि घसरणार?"

"मग काय झालं? काहीतरी कारण असेल ना! पाउलाला काय सांगू मी? ती त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटलीय, आईंना किती आवडले म्हणून."

ओनेर्वाच्या जिभेवर आलं होतं. साइमी हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्याच्या मागोमाग इस्मोचं पुढचं वाक्यही तिला स्पष्ट ऐकू आलं, त्याच्याच आवाजात, त्याच्याच त्या समजूतदार थंडपणानं: म्हणजे ओळखत नाहीच ना, आई. तिला कुणाचीही नक्कल करता यायची. ही तर पोटच्या पोराची.

"कारण काही नाही," ती म्हणाली. "ठेव."

फोन बंद झाला. ताइस्तो काउंटरवरची न सांडलेली कॉफी पुसत राहिला.

"मी माझ्या पैशानं घेते," ओनेर्वा म्हणाली. "ती आरशाची चाकं शेडमध्ये पडू देत. पोरगं आलं की बसवून देत जा."

"घे की," ताइस्तो म्हणाला. "पण हे चार उन्तोसाठी ठेवलेत. या मापाचे खिळ्याचे आता नाताळानंतरच येतील. यंदा माल कमी आहे."

उन्तो बाकावरच होता. त्यानं पेला खाली ठेवला. त्याची गाडी बाहेर उभी होती, टायर झिजलेले होते, पण एक-दोन महिने निघाले असते. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. तो ओनेर्वाकडे बघत थांबला. तो मुलूख असा, की मागितलं तर माणूस अंगावरचा कोट काढून देईल, पण न मागता द्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्यासारखं. उन्तोनं मोठ्या मुश्किलीनं त्या नाकाचं टोक दाराशी आणलं.

"तुला कशाला हवेत गं एवढे?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

ओनेर्वा एकदा त्याच्याकडे, एकदा टायरांकडे बघत राहिली.

"आवाजासाठी," ती म्हणाली.

मग बाकावर कुणीतरी फुरफुरलं, आणि सगळं दुकान हसलं. ओनेर्वा म्हणजे नक्कल, ओनेर्वा म्हणजे विनोद; चाळीस वर्षं टपालाबरोबर तेच तर वाटत आली होती. उन्तोला तर इतकं हायसं वाटलं की त्याचा आवाज पुन्हा यंत्राच्या वर गेला.

"आवाजासाठी! अगं, मग माझ्या बायकोला ने शेजारच्या सीटवर!"

"तिच्या आवाजाला जागा कुठाय माझ्या गाडीत?" ओनेर्वा म्हणाली. सगळे पुन्हा हसले. ताइस्तोनं तिनं निवडलेले चार टायर एकेक करून खाली उतरवले आणि उन्तोच्या गाडीकडे ढकलत नेले.

बुधवारी ती आश्रमात गेली. मागच्या उतारावर चढली. कोरड्या डांबरावर चाकं पूर्ण वळवली, ब्रेक मारला, पुन्हा मागं घेऊन पुन्हा वळवली. टायर लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. वरची खिडकी गप्प होती. फक्त एक परिचारिका बाहेर आली, आणि ओनेर्वाला वाटलं, आता त्या फलकावरून बोलणार.

"काय सुंदर चाकं हो!" परिचारिका म्हणाली. "आणि किती शांत! मागच्या वर्षी तुम्ही आलात की आमच्या सगळ्या आज्या दुपारच्या झोपेतून दचकून उठायच्या."

खोलीत साइमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओनेर्वानं खुर्ची ओढली. खोलीत खुर्ची एकच.

"मी आले, साइमी."

"बसा," साइमी वळून म्हणाली. "तुम्ही पायाची नखं कापणाऱ्या का?"

"नाही."

"मग बसा नुसत्या."

ओनेर्वानं कॉफी ओतली, पावाचा तुकडा कॉफीत बुडवून तिच्या तोंडाशी धरला. साइमीनं तो चघळला, चवीनं.

"माझी बहीणही असाच करते. वेलदोडा जरा जास्तच घालते."

"जास्त घालते का?"

"सगळंच जास्त. जीभ बघायला हवी तिची! तुम्ही ओळखता का ओनेर्वाला? टपालवाली?"

"ओळखते थोडी," ओनेर्वा म्हणाली.

"कशी वाटते?"

"शिष्ट वाटते मला."

साइमी खूश झाली. उशीवर कोपर टेकवून उठलीच. "शिष्ट! अगदी! लहानपणापासून. आणि नवरा पळून गेला स्वीडनला, तर म्हणते कशी, गाडी ठेवून गेला हे बरं झालं! रात्ररात्र रडायची, मला भिंतीआडून सगळं ऐकू यायचं. आणि सकाळी नाक वर."

"असं?" ओनेर्वा म्हणाली. हे तिला नवीन होतं. म्हणजे रडणं नव्हे. कुणाला ऐकू गेलं होतं, हे.

"तुम्ही नका सांगू हं तिला, मी बोलले म्हणून. रुसून यायची थांबली तर? आज बुधवार ना?"

"बुधवार."

"मग येईल. अजून आवाज नाही आला, पण येईल."

ओनेर्वानं खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पलंगाशेजारी औषधांचा पत्र्याचा ट्रे होता. तिनं तो मांडीवर घेतला, आणि दहाही बोटांची नखं त्यावर सोडली. आधी हळू, लांबून आल्यासारखी. मग जोरात, दाट, मग वळणावर घासत नेल्यासारखी, चाकं पूर्ण वळवून गाडी उभी करावी तशी. आयुष्यात इतकी हुबेहूब नक्कल तिला साधली नव्हती.

साइमीचा चेहरा उजळला. ती ताडकन उठून बसली, दोन्ही हातांनी केस मागं सारले, आणि ओनेर्वाच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे बघून ओरडली, "आली बघा आमची! डांबर उखडतीय!"

"साइमी," ओनेर्वा म्हणाली. "इकडे बघ. मी इथं—"

"उठा तुम्ही, उठा आता!" साइमी तिला कोपरानं ढकलत होती. "राग मानू नका हं, पण खुर्ची एकच आहे. ती जिना चढून येईल तर बसेल कुठं?"

ओनेर्वा उठली. खुर्ची सरळ करून ठेवली आणि दाराबाहेर गेली. व्हरांड्यात थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग टोपी घातली, बूट फरशीवर आपटले, बर्फ झटकल्यासारखे, आणि दार धाडकन ढकलून आत शिरली. टपाल घेऊन शिरायची तशी.

"किती झोपतेस गं?"

साइमी केस सारखे करून खुर्चीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली. बराच वेळ बघितलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर पाहुण्याला दाखवायचं नम्र हसू आलं.

"परत आलात? काही राहिलं का तुमचं?"

"थर्मास," ओनेर्वा म्हणाली. थर्मास उचलून, झाकण घट्ट फिरवत, ती बाहेर पडली.